संगणकाच्या आकस्मिक निधनाची चिकित्सा

टेबलावरचा संगणक चालता चालता बंद पडू लागला की त्याच्या मालकाला पहिला संशय व्हायरसचा येतो, आणि या संशयामागे तर्कापेक्षा अभिमान अधिक असतो. कारण व्हायरस हा बाहेरून चालून आलेला शत्रू असल्यामुळे त्याच्याशी लढणाऱ्याला योद्धा म्हणवून घेता येते, उलट सैल बसलेली रॅमची पट्टी किंवा दमलेला एसएमपीएस हे घरचेच दुखणे असून त्यात पराक्रमाला वाव नसतो. याच न्यायाने प्रस्तुत लेखकाने तीन आठवड्यांत तीन वेळा विंडोज पुसून नव्याने बसवली, आणि तिन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रियागृहातून बाहेर येणाऱ्या सर्जनचे गांभीर्य होते, अशी प्रत्यक्षदर्शींची साक्ष आहे. सोसायटीत ज्याच्याविषयी "कॉम्प्युटरचं ना, त्यांना विचारा" असे म्हटले जाते, त्याला स्वतःच्या घरी हार पत्करणे परवडत नाही.

वास्तविक या दोन दुखण्यांची लक्षणे पुरेशी वेगळी आहेत. रॅम म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती; तिच्यात दोष असेल तर संगणक मरण्यापूर्वी काहीतरी बोलतो, म्हणजे निळा पडदा दाखवतो, त्यावर दर वेळी निराळे कारण लिहितो, किंवा सुरू होतानाच लांब शिट्ट्या देतो. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा पत्र्याचा डबा, बिघडला असेल तर मात्र संगणक निरोपही न घेता जातो. पडदा काळा होतो आणि मागे उरते ती फक्त विंडोजच्या दप्तरातली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद, जिचा आशय एवढाच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. हा पंचनामा झाला, निदान नव्हे. लेखकाच्या संगणकाने निळा पडदा एकदाही दाखवला नव्हता, शिट्टी वाजवली नव्हती, आणि तरीही लेखकाने रॅमलाच आरोपी ठरवले, कारण रॅमवर करावयाचा उपचार त्याला येत होता.

हा उपचार म्हणजे खोडरबर. रॅमची पट्टी काढून तिच्या कडेची सोनेरी टोके (डीडीआर३ पट्टीला ती २४० असतात) खोडरबराने घासावीत आणि पट्टी 'टक्' असा आवाज येईतो परत दाबून बसवावी, ही विद्या गल्लोगल्लीच्या दुरुस्तीच्या दुकानांतून गुरुमुखाने चालत आलेली आहे. खोडरबराचे मूळ पाहू जाता, पुढे ऑक्सिजनच्या शोधामुळे नावारूपाला आलेल्या जोसेफ प्रीस्टली या इंग्रज विद्वानाने १७७० साली पेन्सिलीच्या रेघा पुसणाऱ्या एका पदार्थाची नोंद केली, आणि एडवर्ड नेर्न नावाचा उपकरणे बनवणारा कारागीर त्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे तीन शिलिंगांना विकत असे. त्यापूर्वी हे काम पावाच्या तुकड्याने होई. घासून पुसतो म्हणून इंग्रजांनी त्या पदार्थाला 'रबर', म्हणजे घासणारा, म्हटले. आपण त्याला आणखी 'खोड' जोडून पिवळा पीतांबर केला. पुसून टाकण्यासाठी जन्मलेल्या या वस्तूकडे स्मृती परत आणण्याचे काम यावे, यातला विरोधाभास लेखकाला इतका आवडला की मुलीच्या कंपासपेटीतले खोडरबर हाती घेऊन त्याने त्यावर घरच्यांपुढे पाऊण तास विवेचन केले. सोन्याला गंज चढत नाही, टोकांवर साचते ती धूळ आणि तेलकटपणा, पुष्कळदा गुण येतो तो घासण्याने नव्हे तर पट्टी काढून घट्ट बसवण्याने, आणि फार घासल्यास सोन्याचा पातळ मुलामाच निघून जातो, हेही त्याने सांगायला हवे होते; परंतु त्यामुळे विवेचनाचा डौल गेला असता.

त्यानंतर दोन दिवस संगणक एकदाही बंद पडला नाही आणि लेखकाने शेजारच्या दोन घरी जाऊन खोडरबराचे माहात्म्य सांगितले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संगणक पुन्हा गेला. मग मेमटेस्ट, म्हणजे रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहून ते जसेच्या तसे परत वाचता येतात का हे पाहणारी चाचणी, रात्रभर चालवण्यात आली आणि सकाळी पडद्यावर आकडा होता शून्य. रॅम निर्दोष होती. आपल्या वस्तूत दोष नाही हे कळून माणसाला इतके वाईट वाटल्याचे उदाहरण विरळा असेल.

"अहो, खालची मोटार सुरू झाली की बंद पडतोय तो," हे लेखकपत्नीचे विधान पहिल्याच आठवड्यातले होते आणि "तुला नाही कळायचं ते" या चार शब्दांत ते निकालात निघाले होते. शून्याच्या त्या सकाळी लेखक स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेसमोर सहज उभा राहिला, तेव्हा दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक अक्षरात 'सं. ६.३५', 'सं. ६.४०' अशा सतरा नोंदी त्याला दिसल्या. चौदा वेळा सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीच्या होत्या, उरलेल्या तिनांपुढे 'मिक्सर' असे लिहिलेले होते, आणि खोडरबराच्या विजयाच्या दोन दिवसांवर 'टाकी धुतली, मोटार बंद' अशी नोंद होती. या नोंदी कोणी मागितल्या नव्हत्या. बोललेले ऐकले जात नाही हे कळल्यावर ते लिहून ठेवायचे आणि लिहिलेलेही कोणापुढे नाचवायचे नाही, ही सवय माणसाला एका महिन्यात लागत नाही; ती लागायला संसारातली बरीच वर्षे आणि समोर बराच हुशार नवरा असावा लागतो.

कारणमीमांसा सोपी आहे. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते आणि त्या इमारतीतला विजेचा दाब तेवढ्यापुरता खाली येतो. धडधाकट एसएमपीएस आपल्या कपॅसिटरांत साठवलेल्या विजेवर असा खड्डा सोळा-सतरा मिलिसेकंद तरी निभावून नेतो, परंतु कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या, आठ उन्हाळे पाहिलेल्या डब्यातले कपॅसिटर फुगून निकामी होत आलेले असतात. साध्या मल्टिमीटरला इतका छोटा खड्डा दिसत नाही, त्यामुळे लेखकाच्या मल्टिमीटरवर १२ व्होल्ट निर्विकारपणे उभे होते. अशा वेळी चांगला एसएमपीएस जोडून पाहणे हीच खरी परीक्षा. जुना डबा उघडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण प्लग काढल्यानंतरही आत जिवावर बेतेल इतका दाब काही काळ टिकून राहू शकतो. लेखकाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर वेळीच काढून घेण्यात आला, कोणी काढून घेतला हे सांगायला नको.

नवा एसएमपीएस बसल्यापासून मोटार आणि संगणक एकाच वेळी चालतात. दोष कोणी शोधला याविषयी सोसायटीत जी समजूत आहे, ती लेखकानेच पसरवलेली असून चुकीची आहे. सभासदांनी नोंद घ्यावी.