पाहुण्यांची भांडी

सव्हाना, जॉर्जिया
मे महिन्यातला पहिला रविवार

ती. आई-बाबा,

पत्रास कारण की, तुमच्या जावयांनी काल शेजाऱ्यांच्या अंगणात आपल्या घराण्याचं नाव पार गारठवलं.

शेजारच्या आजींनी घोड्यांच्या शर्यतीनिमित्त चार घरांना बोलावलं होतं. शर्यत तिकडे केंटकीत, लुईव्हिलला. १८७५ पासून चालू आहे. घोडे धावतात दोन मिनिटं, पण त्यासाठी माणसं अख्खी दुपार नटून टीव्हीपुढे बसतात. मी सांगितलं की शिवाजी महाराजांचे घोडे जिथे बदलत, ते आमचं बदलापूर, असं आमचे बाबा सांगतात. आजींना वाटलं, तिथे मांजर्लीत आपला तबेला आहे. मीही नाही म्हटलं नाही.

या दिवशी मिंट जुलेप प्यायचा असतो. (बाबा, इथून पुढचं मनातल्या मनात वाचा. आई, मी गोड थंड चहाच घेतला.) जुलेप म्हणजे मुख्यतः मक्यापासून काढलेली बर्बन व्हिस्की, साखर, पुदिना आणि बर्फाचा चुरा. आजींनी बर्फ जाड कापडी पिशवीत घालून लाकडी मोगरीने असा बडवला की मला आपल्याकडचं गोधड्या धुणं आठवलं. पुदिना मात्र त्यांनी नुसता हलक्या हाताने दाबला. वाटला तर कडू होतो म्हणाल्या. मी गप्प बसले. पुदिना दिसला की हात आपोआप मिरचीकडे जातो हे त्यांना काय सांगणार?

पेले त्यांच्या पणजीचे, अस्सल चांदीचे. चांदीतून गारवा झटकन बाहेर येतो आणि सव्हानाची हवा आपल्या मे महिन्यासारखीच चिकट, त्यामुळे पेल्यावर बघता बघता पांढरा हिमाचा थर धरतो. तो पुसला जाऊ नये म्हणून पेला काठाला किंवा बुडाला धरायचा. इथपर्यंत तुमच्या जावयांना सगळं कळलं. पण परक्याच्या पणजीचा पेला उष्टा कसा करायचा, म्हणून त्यांनी मान मागे टाकली आणि वरून प्यायला सुरुवात केली! आधी काहीच येईना. बर्फ अडला होता. त्यांनी पेला आणखी कलंडवला, आणि मग सगळा ढीग पुदिन्यासकट एकदम चेहऱ्यावर आला. नाकावर एक पान उभं राहिलं. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘ब्लेस युअर हार्ट.’ शब्दशः हा आशीर्वाद आहे. पण आपली वरच्या मजल्यावरची काकू ‘साधी आहे गं बिचारी’ ज्या सुरात म्हणते ना, तो सूर इथे आणा.

बाकी पाहुणचार ओळखीचाच. मुलं मोठ्या बायकांना नुसतं नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी ‘मिस’ लावतात, आपण काकू-मावशी लावतो तसं. पोटभर खाऊनही ‘काहीच घेतलं नाहीत’ ऐकावं लागतं. आपल्याकडे यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्या यूएसएत कुणाच्या घरी गेलं की आधी पापड-पाणी येतं, या यूएसएत आधी गोड चहा येतो. दोन्हीकडे नाही म्हणायची सोय नाही. पंच या पेयाच्या नावाचं मूळ आपल्या ‘पाच’मध्ये आहे, दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, असं इथले लोकही सांगतात. हे कळल्यापासून तुमचे जावई पंचाकडे भाषाभिमानाने बघतात.

एक गोष्ट आजींनी आपणहून सांगितली. १८६५ पर्यंत इथल्या मोठ्या घरांतली चांदी घासणारे हात गुलामांचे होते. पेल्यांवर घराण्याची अक्षरं कोरलेली आहेत, घासणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. मला आपलं पितळ आठवलं. चिंच लावून ते लख्ख करणाऱ्या बाईंना आपण तरी नुसतं ‘मावशी’च म्हणत होतो.

आज आजींना आमच्याकडे बोलावलं. पन्हं केलं आणि आपल्या स्टीलच्या पेल्यांत दिलं. आजींनी चष्मा लावून पेल्यावरची टिंबाटिंबांची अक्षरं न्याहाळली. मी वाचून दाखवलं: ‘चि. सौ. कां. हिच्या विवाहानिमित्त आत्याकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. त्या भारावून गेल्या. देणाऱ्याचं नाव भांड्यावर जपणारा समाज किती कृतज्ञ, म्हणाल्या. आत्याच्या मुलीच्या लग्नात नेमका तेवढ्याच किमतीचा आहेर करता यावा म्हणून ते नाव असतं, हे मी सांगितलं नाही. घराण्याची अब्रू दोन दिवसांत दोनदा कशाला घालवा!

जाताना मी विचारलं, एवढी चांदी रोज वापरता? तर म्हणाल्या, कपाटात ठेवली की काळी पडते, वापरात असली की कमी घासावी लागते. मला आपलं शोकेस दिसलं. त्यातला सोनेरी काठाचा टी-सेट ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून ठेवलेला. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा बाबांनी आधी तो सेट माळ्यावर चढवला, मग मला. त्यात चहा प्यायलेला पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. त्या योग्यतेचा कुणी मांजर्लीत आलाच नसावा.

इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून तुम्ही माळा रिकामा करताय असं दादा म्हणाला. आपल्या आजीचं घंगाळ आणि ठोक्याचा तांब्या मोडीत काढू नका. इकडे येताना दादाच्या बॅगेत २३ किलो बसतं. त्यात तांब्या घाला आणि तांब्याच्या पोटात भाजणीची पिशवी, जागा वाया जाणार नाही. घंगाळ तुमच्याकडेच राहू दे. आणि तो टी-सेट आजच काढा, दोघांनी त्यात चहा प्या. एखादा कप फुटला तर मला कळवू नका.

तुमची धाकटी