खुराड्याचे इंजिनियर

नेसरीत सिमेंट-पत्र्याच्या दुकानाबाहेर हातात टेप आणि खिशात दोन रंगांची पेनं घेतलेला गृहस्थ दिसला, तर त्याला घर बांधायचंय असं समजू नये. घर मुंबईच्या पगारातून कधीच बांधून झालंय. आता तो रिटायर होऊन गावी आलाय, परड्यात जागा आहे आणि त्याला पाच कोंबड्या पाळायच्यात. गडहिंग्लज, आजरा, चंदगड पट्ट्यात असा एक तरी गल्लीला सापडतोच. तोंडावर त्याला सगळे अण्णा म्हणतात, पाठीमागं इंजिनियर.

अण्णांच्या आईनं जन्मभर कोंबड्या डालग्याखाली डालल्या, वर दगड ठेवला आणि ती निवांत झोपली. अण्णांना हे मान्य नाही. "आयेच्या निम्म्या कोंबड्या मानमोडीनं गेल्या, निम्म्या कोंदटून!" शीट ओली राहिली की अमोनिया सुटतो, कोंबडीचे डोळे चुरचुरतात, तिला घाम येत नाही म्हणून ती चोच उघडून धापा टाकते, हे सगळं ते चहाच्या गाड्यावर सांगतात, दूध डेअरीच्या रांगेत सांगतात, रक्षाविसर्जनालासुद्धा सांगतात. वैताग याचा, की ते बरोबर असतं. पावसाळ्यात लोक खुराड्याला चहूबाजूंनी पोती बांधतात आणि आत दमट कोठडी करून ठेवतात. अण्णांचा नकाशा वेगळा. लांबी पूर्व-पश्चिम. झड येते ती पश्चिमेची बाजू बंद. पाखं दोन फूट बाहेर. जमिनीवर भाताचं तूस. झरोके अगदी वळचणीखाली, बसायच्या दांडीच्या वर, म्हणजे गरम हवा वरच्या वर निघून जाते आणि झोपलेल्या कोंबडीला वारं झोंबत नाही.

हे कागदावर. मग परीक्षा. अण्णा लुंगी खोचून रिकाम्या खुराड्यात अर्धे आत शिरले आणि त्यांनी उदबत्ती लावली. धूर कुठनं जातो ते बघायचं होतं. धूर दांडीपाशी घुटमळला, अण्णांच्या नाकात गेला. खोकत बाहेर येऊन त्यांनी एक वीट काढली, पुन्हा आत, पुन्हा उदबत्ती. कुंपणापलीकडून आक्का बघत होत्या. "अण्णा, कोंबड्या आणायच्या हाईत का देव बसवायचाय?"

संरक्षण हा तर त्यांचा खास विषय. तिथं ते थेट इतिहासात शिरतात. "उमराणीला बहलोलखान हातात गावला हुता. सोडला. फुडं २४ फेब्रुवारी १६७४ ला आपल्याच खिंडीत प्रतापराव सहा गड्यांनिशी गेले. शत्रूला वाट द्यायची न्हाई!" इथं शत्रू म्हणजे मुंगूस. त्याला मारायला वन्यजीव कायदा आडवा येतो, म्हणून त्याला दारातच अडवायचं. षटकोनी जाळीबद्दल त्यांचं मत कडक आहे: ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डेड जाळी, खाली फूटभर पुरून बाहेरच्या अंगाला वळवलेली. दाराला दोन कड्या, वर कुलूप. किल्ली करगोट्याला.

आखाडात जावई आले. अण्णा नेमके दुसऱ्याच्या खुराड्याचं माप घ्यायला गडहिंग्लजला. काकूंनी कड्या खडखडवल्या, सांडशीनं कुलूप पिळलं, जाळी उचकटायला नातू कामाला लावला. आतल्या पाचही कोंबड्या स्वच्छ हवेत दांडीवर बसून हे बघत होत्या. फोन केला तर अण्णा ओरडले, "जाळीला हात लावू नगोस, लेवल बिघडंल!"

शेवटी आक्कांनी आपल्या डालग्याचा दगड बाजूला केला आणि हात घालून कोंबडा काढून दिला.

रात्री अण्णा आले. रस्सा ओरपता ओरपता त्यांचा चेहरा खुलला. "बघितलासा, जावईबापू? घरच्या माणसाला कोंबडी काढता आली न्हाई. मुंगूस काय काढतंय!"