वेग विकणे आहे

ऑक्टोबर उजाडला की टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच प्रश्न फिरतात. दिवाळी अंक आले का? आणि ऑस्टिनच्या वाटेवर स्पीड कॅमेरे कुठे कुठे आहेत?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर ‘नाहीत’.

खरंच नाहीत. फॉर्म्युला वन बघायला अर्विंगहून ऑस्टिनपर्यंत दोनशे मैल जा, वेग मोजून घरी पाकीट पाठवणारा एकही कॅमेरा भेटणार नाही. टेक्सासने २००७ सालीच कायदा केला की शहरांनी फोटो काढून वेगाचा दंड वसूल करायचा नाही. २०१९ मध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही ठोकली आणि लाल सिग्नल तोडणाऱ्यांचे फोटो काढणारे कॅमेरेही घालवले. ते विधेयक आणणारे आमदार जॉनथन स्टिकलंड. गाव बेडफर्ड, म्हणजे अर्विंगच्या पंचक्रोशीतलेच.

पुण्याहून नुकत्याच आलेल्या माणसाला हे सांगून बघा. तो आधी हसतो. मग ॲक्सिलरेटरकडे बघतो.

कॅमेऱ्यावर एवढा राग का? तत्त्व म्हणून, असं टेक्सासचे लोक सांगतात. आरोप करणाऱ्याला कोर्टात समोर उभं करून प्रश्न विचारायचा हक्क राज्यघटनेनेच दिलाय. कॅमेऱ्याला काय विचारणार? ‘त्या दिवशी चष्मा लावला होतात का?’

तत्त्वाच्या जोडीला अनुभवही आहे. डॅलस काउंटीत शाळेच्या बसगाड्या चालवणारी ‘डॅलस काउंटी स्कूल्स’ नावाची सरकारी संस्था होती. तिने बसवर कॅमेरे बसवले. मुलं उतरत असताना थांबलेली बस ओलांडून जाणाऱ्याला दंड करायचा. मुलांचा जीव वाचेल, तिजोरीही भरेल. तिजोरी भरली नाहीच, संस्था कर्जात बुडाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदारांनी तिला टाळं लावलं. संस्थेचे माजी प्रमुख रिक सॉरेल्स यांनी पुढे कोर्टात कबूल केलं की कॅमेरेवाल्यांकडून तीस लाख डॉलरहून जास्त लाच घेतली. सात वर्षांची शिक्षा झाली.

बसवरच्या कॅमेऱ्याला सगळा रस्ता दिसत होता. साहेबांची केबिन तेवढी दिसत नव्हती.

तर टेक्सास कॅमेऱ्याचा हाडवैरी आहे, असं समजून तुम्ही प्रेसिडेंट जॉर्ज बुश टर्नपाइकवर गाडी घालता आणि सहज वर बघता. कमानीवर कॅमेरे. पुढच्या कमानीवरही कॅमेरे.

हे कशाला? टोलला.

टॅग नसेल तर नंबर प्लेटचा फोटो, फोटोवरून पत्ता, पत्त्यावर बिल. नाक्यावर थांबायची भानगडच नाही. इथे कुणाला समोर उभं करायचं नसतं, राज्यघटना आठवत नाही, आणि कॅमेऱ्याची नजरही अगदी स्वच्छ असते.

आता चौथीतल्या पोराचं गणित. पहिल्या कमानीखालून गाडी किती वाजता गेली, माहीत आहे. दुसरीखालून किती वाजता गेली, माहीत आहे. मधलं अंतर माहीत आहे. वेग काढा. टेक्सास म्हणतं, हे गणित ऑप्शनला टाका.

राज्याला वेगाचं वावडं नाही आणि कॅमेऱ्याचंही नाही. दोघांची ओळख करून द्यायची नाही, एवढंच.

कारण वेग हा इथे गुन्हा नंतर, माल आधी. अर्विंगमधून जाणाऱ्या ११४ आणि १८३ या रस्त्यांवर टेक्सप्रेस नावाच्या जादा लेन आहेत. याच ११४ वरून लोक फोर्ट वर्थच्या टेक्सास मोटर स्पीडवेवर नॅस्कारच्या गाड्या बघायला जातात. लेनमध्ये गर्दी वाढली की टोल वाढतो. टोल वाढला की घुसणारे कमी होतात, आणि पैसे मोजणाऱ्याला ताशी निदान पन्नास मैलांची चाल मिळावी असा हिशेब. भाव कांद्यासारखा, सकाळी एक, संध्याकाळी एक. परवडत नसेल तर बाजूच्या फुकट लेनमध्ये ब्रेक दाबत बसा.

हा झाला किरकोळ धंदा. घाऊक व्यवहार ऑस्टिनला होतो.

शर्यत ज्या ट्रॅकवर होते त्या सर्किट ऑफ दी अमेरिकाजच्या अंगावरून १३० नंबरचा टोलरोड जातो. ट्रॅक मागे टाकून थोडं दक्षिणेला गेलं की पाटी दिसते, ८५. मैल बरं का. म्हणजे ताशी १३७ किलोमीटर. अख्ख्या अमेरिकेत याहून मोठा आकडा पाटीवर नाही. आपण समृद्धीच्या १२० वर कॉलर ताठ करून बसलोय.

हा आकडा कुणी काढला? रस्त्याची वळणं, उतार, डांबर बघून इंजिनियरांनी? त्यांचाही हात असेल. पण करारात लिहिलं होतं की पाटीवर ८० लागली तर रस्ता चालवणाऱ्या कंपनीने राज्याला ६ कोटी ७० लाख डॉलर द्यायचे, आणि ८५ लागली तर १० कोटी.

पाच मैलांचे ३ कोटी ३० लाख. मैलाला ६६ लाख पडले. आणि ऐंशीच्या पाटीवर पंच्याऐंशीने गेल्याबद्दल दंड भरायला तुम्ही कां कू करता!

ऑक्टोबर २०१२ मध्ये रस्ता खुला झाला आणि उघडल्याउघडल्या गाड्या रानडुकरांवर आदळल्या. करारावर डुकरांची सही घेतलेली नव्हती.

मार्च २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हव्या तेवढ्या गाड्या आल्याच नाहीत. लोक आपले आय-३५ वरच्या फुकटच्या कोंडीत ठाण मांडून. देशातला सगळ्यात मोठा वेग फुकटच्या शून्याकडून हरला. हे कुठल्याही मराठी माणसाने करारापूर्वीच सांगितलं असतं, सल्ल्याची फी न घेता.

आता ज्यासाठी एवढा आटापिटा करून जायचं त्या शर्यतीकडे वळू. रस्ता उघडल्यावर महिन्याच्या आतच, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी, शेजारच्या ट्रॅकवर पहिली ग्रां प्री झाली. लुईस हॅमिल्टन जिंकला. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर पळणाऱ्या गाड्या बघायला माणसं तेव्हापासून उन्हात बसतात, तिकिटाला शेकडो डॉलर मोजतात आणि घशाला कोरड पडेपर्यंत ओरडतात.

त्या ट्रॅकवर एक वेगमर्यादा आहे, हे किती जणांना माहीत असतं?

गाड्या टायर बदलायला वळतात त्या पिटलेनमध्ये ताशी ८० किलोमीटर. म्हणजे पन्नास मैल. तुमची सासू चालवेल तेवढा वेग. सरावाच्या फेऱ्यांत तो ओलांडला तर जादाच्या दर किलोमीटरला १०० युरो, कमाल १०००. मोजणी दशांशात. ८०.१ भरला तरी १०० युरो. भर शर्यतीत ओलांडला तर शिक्षा सेकंदांत, आणि तिथला सेकंद युरोहून महाग.

एकही ड्रायव्हर म्हणत नाही, ‘अहो, चार-पाच किलोमीटर तर सगळेच मारतात!’

हे वाक्य फक्त प्रेक्षकांचं. सत्तरच्या पाटीखालून एकोणऐंशीने जायचं आणि ‘नऊपर्यंत मामा सोडतो’ हे वेदवाक्य म्हणायचं. कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठल्याच नाही. कुणी सांगितलं? ज्याला परवा नवासाठी तिकीट मिळालं नाही, त्याने. ज्याला मिळालं तो ग्रुपवर गप्प आहे.

आणि ट्रॅकवरचे देव तरी रस्त्यावर कुठे सुटतात! हाच हॅमिल्टन डिसेंबर २००७ मध्ये फ्रान्समध्ये १३० च्या महामार्गावर १९६ ने सापडला. महिनाभर तिथे गाडी चालवायला बंदी. मार्च २०१० मध्ये मेलबर्नला तर शर्यतीच्याच गावात, सरावाच्याच दिवशी, ट्रॅकच्या बाहेर पडल्या पडल्या टायर जाळताना पोलिसांनी धरला. मर्सिडीज जप्त, पुढे कोर्टात ५०० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड. जगज्जेत्याला सोडलं नाही. मागे कुलरमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या ठेवलेल्या तुमच्या सिएना गाडीला का सोडतील?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा वाचक इथे खवळणार. तुमच्याकडे कॅमेरे नाहीत म्हणून कौतुकं सुचतात! खरंय. एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा मागे लागलीय. मर्यादा शंभर, घाटात साठ. दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. म्हणजे टेक्सासने ऑप्शनला टाकलेला प्रश्न महाराष्ट्राने सोडवला. उत्तरही बरोबर आलं.

वसुली मात्र पुढच्या लोकअदालतीत बघू.

मोबाइलवर चलान वाजतं, माणूस ते ‘गुड मॉर्निंग’च्या मेसेजांत दडपतो आणि सवलत कधी लागते याची वाट बघतो. एका राज्यात कॅमेरा नाही म्हणून दंड नाही. दुसऱ्यात कॅमेरा आहे, दंड आहे, भरणारा नाही.

आणि माणूस तोच, बरं का. खालापूरनंतर ज्याला सीटबेल्टही जाचतो, तो अर्विंगला आला की शाळेच्या झोनमधून वीसच्या वेगाने सरपटत जातो. संस्कार? छे. नागरिकत्वाचा अर्ज. त्यात विचारलेलं असतं की पोलिसांनी कधी अटक केली, ताब्यात घेतलं, चलान दिलं? किरकोळ तिकिटाने नागरिकत्व अडत नाही, हे वकील शंभरदा सांगतो. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकलेल्या माणसाला तो रकाना स्वप्नात दिसतो. असा रकाना खालापूरच्या टोलनाक्यावर लावून बघा.

तर कॅमेरा नाही. मग पकडतं कोण?

मामा. पुण्यात झाडामागे, टेक्सासमध्ये पुलाखाली. वॅक्साहाची, हिल्सबरो, वेको, टेंपल असं एकेक गाव मागे पडत असतं, ॲप किंचाळत असतं ‘पुढे पोलीस’, डॅशबोर्डवर रडार डिटेक्टर लुकलुकत असतो. खासगी गाडीत तो इथे कायदेशीर आहे. चोराला पोलिसाची चाहूल देणारं यंत्र दुकानात पावतीसह मिळतं. आणि तरी सापडतात. ॲपवर इशारा देणाराही आधी स्वतः तिथून भरधाव गेलेला असतो, आणि पुढच्याने इशारा वाचेपर्यंत मामाने पूल बदललेला असतो.

मामा तिथे सुरक्षेसाठी असतो की गल्ल्यासाठी, असले बाळबोध प्रश्न विचारू नयेत. टेक्सासच्या कायद्यानेच उत्तर दिलंय. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावाचं दंडाचं उत्पन्न वार्षिक महसुलाच्या तीस टक्क्यांवर गेलं, तर वरची रक्कम राज्याच्या तिजोरीत. गावाने लुटू नये असं कायदा म्हणत नाही. तीस टक्क्यांनंतर आम्हाला बोलवा, म्हणतो.

तिकीट हातात पडलं की घरातला वकील जागा होतो. त्याला टेक्सासचा कायदा थोडी हवाही देतो. पाटीवरचा आकडा ओलांडणं हा वेग अवाजवी असल्याचा केवळ प्रथमदर्शनी पुरावा. त्या वेळी, त्या रस्त्यावर, त्या हवेत तो वेग वाजवीच होता, असं कोर्टात मांडता येतं. जा, मांडा. ‘न्यायाधीश महाराज, पात्रता फेरी सुरू व्हायला चाळीस मिनिटं उरली होती.’

शहाणे या वाटेला जात नाहीत. ते डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करतात. मर्यादेच्या वर पंचवीस मैलांहून कमी असाल आणि काटा पंच्याण्णवच्या आत असेल, तर कोर्स करा, तिकीट रद्द. रेकॉर्ड स्वच्छ. विमा कंपनीला सुगावा नाही.

कोर्स सहा तासांचा. घरी, लॅपटॉपवर. सोपं वाटतं ना? पानापानाला घड्याळ लावलेलं असतं. तुम्ही वाचलंत, समजलं, पाठ झालं, बायकोला म्हणूनही दाखवलंत, तरी वेळ भरल्याशिवाय ‘पुढे’चं बटण उजळत नाही. दुसऱ्या खिडकीत क्रिकेट लावा, वरण-भात टाका, घड्याळ आपल्या चालीने चालतं. टेक्सासमध्ये वेगावर पक्का ताबा कुठे असेल, तर या बटणावर.

सवलत बारा महिन्यांतून एकदा. शर्यतही वर्षातून एकदा. जमलं की!

नाही जमत. बारा महिने तिकिटापासून मोजत नाहीत, कोर्स पुरा केल्यापासून मोजतात. कोर्सला मुदत नव्वद दिवसांची, आणि आपण मंडळी नव्वदाव्या रात्री चहा करून बसणार. म्हणजे ऑक्टोबरचं तिकीट जानेवारीत मिटतं, आणि पुढची शर्यत बारा महिने भरायच्या आत दारात उभी. ताबडतोब कोर्स केला तरी भरवसा नाही. २०२४ ची शर्यत २० ऑक्टोबरला होती, २०२५ ची १९ ला. एका दिवसाने घात.

तोडगा निघायचाच होता, निघाला. नवऱ्याचा परवाना वेगळा, बायकोचा वेगळा. तिकीट वेगळं, कोर्स वेगळा, बारा महिनेही वेगळे. यंदा तो चालवतो, पुढच्या वर्षी ती. ज्याची पाळी नाही त्याने शेजारी बसून पुलाखाली बघायचं. घरात पोरगं सोळाचं झालं की तिसरं वर्षही सुटलं.