जिप्सीचा जीर्णोद्धार

मारुती जिप्सी ही गाडी भारतीय रस्त्यांवर १९८५ च्या डिसेंबरात अवतरली, २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली, आणि तिची दुरुस्ती मात्र महाराष्ट्रातील अनेक गॅरेजांत अद्याप चालू आहे. आरंभीचे ९७० सीसीचे कार्बोरेटरवाले इंजिन, १९९६ ची १३०० सीसीची ‘जिप्सी किंग’ आणि २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मोजूनमापून पेट्रोल फवारणारी व्यवस्था, असे तिचे तीन कालखंड जाणकार मानतात. त्यांपैकी कोणत्या कालखंडातील गाडी घ्यावी याविषयी त्यांच्यात जे मतभेद आहेत, ते पाहता संतवाङ्मयाच्या पाठभेदांवरील वाद बरेच सौम्य म्हणावे लागतील.

ही गाडी जुन्यात घेणारा गृहस्थ सामान्यतः चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला आणि कंबरदुखीशी नुकतीच तोंडओळख झालेला असतो. गाडी कुटुंबासाठी घेतली जात आहे, हे विधान तो पत्नीसमोर, आईसमोर आणि विक्रेत्यासमोर सारख्याच गांभीर्याने करतो; त्यावर मान डोलावतो तो एकटा विक्रेता, कारण स्वतः ही गाडी घेताना त्यानेही तेच विधान केलेले असते. वस्तुतः पुढे दोन आसने, मागे समोरासमोर दोन बाकडी आणि वर कॅनव्हासचे छत अशी या गाडीची मूळ रचना असून, तिच्यात मागे बसलेल्या आजी आणि नातवंडे घाटातल्या प्रत्येक वळणावर एकमेकांच्या मांडीवर येतात, इतक्या मर्यादित अर्थानेच तिला कौटुंबिक म्हणता येते.

खरेदीच्या वेळी गाडीची वंशावळ सांगण्याची प्रथा आहे. जिप्सी सैन्यात आणि पोलिसांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली हे खरे असले, तरी विक्रीस आलेली जवळजवळ प्रत्येक जिप्सी एखाद्या निवृत्त कर्नलसाहेबांनी स्वतः चालवलेली आणि फक्त क्लबात जाण्यासाठी बाहेर काढलेली असते, या दाव्याची छाननी कोणी केल्यास भारतीय सैन्यात जवानांपेक्षा कर्नल अधिक होते असा निष्कर्ष निघेल. अनुभवी माणूस अशा वेळी वंशावळीकडे लक्ष न देता खिशातून लोहचुंबक काढतो आणि तो गाडीच्या अंगावरून फिरवतो. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा सडून गेलेला असून त्याजागी ‘लांबी’, म्हणजे खड्डे बुजवून वर रंग मारण्यासाठी वापरली जाणारी लुकणासारखी भर, थापलेली आहे असे समजावे. काही गाड्यांवर चुंबक फक्त पाट्यांना चिकटतो. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्या थरावर थर रचून केलेल्या कमानी, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते. ते तेवढे खरे असल्याचा आनंद मानून व्यवहार पूर्ण केला जातो.

यानंतर दुरुस्तीचे पर्व सुरू होते. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग एकाएकी थरथरू लागणे हा या जातीच्या गाड्यांचा प्रसिद्ध विकार असून, त्याचे मूळ बहुधा किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळते तिच्या झिजलेल्या बेअरिंगमध्ये असते. परंतु मिस्त्री थेट तिथे हात घालत नाही, कारण ते शास्त्राला धरून नाही. तो प्रथम चाकांचे बॅलन्सिंग करवतो, मग अलाइनमेंट, मग टायरॉडची टोके बदलतो, मग गृहस्थाकडे थोडा वेळ पाहून गाडी नक्की कशी चालवता असे विचारतो, आणि शेवटी किंगपिन उघडून आत हवे ते सापडले की हे आपण पहिल्या दिवशीच सांगितले होते याचे स्मरण करून देतो. सुट्या भागांसाठी गृहस्थ मुंबईत असेल तर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आणि पुण्यात असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जातो, आणि “साहेब, माल ओरिजिनल आहे” या वाक्यासह जे मिळते ते घेऊन येतो. घरी आल्यावर ते दुसऱ्याच गाडीचे निघाले तरी ते ओरिजिनल असते, हे नाकारता येत नाही.

गाडी चालू लागली की तिच्या चारचाकी शक्तीचे प्रात्यक्षिक सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्यांसमोर होते, जे होऊ नये. गिअरच्या दांड्याशेजारी जो दुसरा आखूड दांडा असतो, त्याने पुढच्या चाकांनाही इंजिनाशी जोडता येते आणि गरजेनुसार कमी वेगाचे पण अधिक ओढीचे गिअरही घेता येतात. मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळे अंतर कापण्याची मुभा देणारी सोय मध्ये नसल्यामुळे कोरड्या फरशीवर वळताना गाडी आखडते, हिसके देते आणि शेजाऱ्यांचा जो समज व्हायचा तो होतो. शिवाय चारही चाके एकत्र जोर लावतात ही समजूतही अर्धीच खरी आहे. प्रत्येक जोडीच्या मध्यावर असलेला डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना गरजेप्रमाणे कमी-अधिक फिरू देणारा गिअरसंच, ज्या चाकाला कमीत कमी विरोध होतो त्याच्याकडे फिरण्याचे काम सोपवतो. परिणामी खड्ड्यात पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले, की ती दोन चाके हवेत उत्साहाने गरगरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसून राहतात. ज्याने कोणत्याही सरकारी कचेरीत दोन दिवस घालवले आहेत, त्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

या टप्प्यावर सुज्ञ माणूस थांबला असता. पण सुज्ञ माणूस मुळात इथवर आलेलाच नसतो. गृहस्थ टायर बदलतो. कारखान्यातून आलेल्या २०५/७० आर १५ मापाच्या टायरांऐवजी २३५/७५ आर १५ मापाचे टायर घातले की चाकाचा व्यास सुमारे ६६ मिलिमीटरने वाढतो आणि अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम सव्वा इंच, वर जातो. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, हे स्पीडोमीटरला कोणी कळवलेले नसते. त्यामुळे काटा साठवर असताना गाडी प्रत्यक्षात सहासष्टने धावते आणि शंभर किलोमीटरच्या नोंदीत एकशे दहा किलोमीटरचा प्रवास होतो. पेट्रोलचा हिशेब मागणाऱ्या पत्नीपुढे ही दहा टक्क्यांची सूट गृहस्थ जितक्या वेळा मांडतो, तितक्या वेळा ती मान्य झाल्याचे दिसत नाही.

मोठे टायर वळताना मडगार्डला घासतात, म्हणून गाडी उंच करणे आले. जिप्सीचे पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खालून बांधलेले असतात. ते सोडवून वरून बांधले की सगळा सांगाडा चार-पाच इंच वर उचलला जातो, आणि इथून पुढे प्रत्येक सुधारणा ही आधीच्या सुधारणेची दुरुस्ती ठरत जाते. सांगाडा वर गेल्याने गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा अधिक तिरपा होतो आणि त्याच्या टोकांचे क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे, कुरकुरू लागतात, म्हणून दांडा नवा करावा लागतो. ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात, म्हणून त्या लांब घ्याव्या लागतात. रुंद टायरांमुळे स्टिअरिंग जड होते, म्हणून पॉवर स्टिअरिंगचा पंप बसवावा लागतो. पंप इंजिनाचीच ताकद खातो आणि मोठी चाके उरलेली खातात, म्हणून गिअरांचे गुणोत्तर बदलावे लागते. त्याने पेट्रोल अधिक लागते, म्हणून मागे कॅन टांगावे लागतात. आणि मागच्या दारावर आधीच मोठ्या स्टेपनीचे ओझे असल्याने ते दार एके दिवशी बिजागरीसह खाली येते. थरथर, जी किंगपिन बदलून गेली होती, ती या सर्व खर्चानंतर परत येते.

तथापि सर्वांत बिकट पेच यांत्रिक नसतो. पाच-सहा इंच उंच झालेल्या गाडीत आजींना चढता येत नाही. यावर दाराखाली लोखंडी पायरी लावण्याचा उपाय प्रचलित आहे. परंतु ती पायरी नेमकी तेवढीच खाली लोंबते जेवढी गाडी वर गेलेली असते, आणि पहिल्याच ओढ्यात दगडाला लागून वाकते. मग घरातला चौरंग गाडीत ठेवला जातो, आणि तो कुठे आहे याचा शोध सत्यनारायणाच्या दिवशी गुरुजी येऊन बसल्यावर लागतो.

प्रत्यक्ष सहलींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या वाळूत रुतणे, टायरमधली हवा कमी केल्यास चाकाचा तळवा पसरून ते वाळूवर तरते हे पुस्तकी ज्ञान त्याच वेळी आठवणे, हवा परत भरायचा पंप घरी राहिल्याचे लक्षात येणे आणि अखेर गावातला ट्रॅक्टर येणे, असा त्यांचा क्रम असतो. हा ट्रॅक्टर बहुधा मागच्या दोनच चाकांवर चालणारा असतो, ही गोष्ट मुले शाळेत सांगतात.

खरा कसोटीचा प्रसंग आरटीओत उभा राहतो. खाजगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे झाली की तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि पुढेही दर पाच वर्षांनी हा सोहळा असतोच. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तेच ठणकावून सांगितले, आणि पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच हरकत घेतली होती. म्हणून तपासणीच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरचे जुने टायर, दिवाणाखालचा जुना दांडा आणि देवघरामागच्या मूळ नळ्या बाहेर निघतात, मिस्त्री पाटे पुन्हा खालून बांधतो, आणि काही हजार रुपये मजुरीच्या मोबदल्यात गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी दिसू लागते.

तपासणी झाल्यावर, गाडी रस्त्यावर आहेच तर, सारे कुटुंब तिच्यातून पानशेतपर्यंत जाऊन येते. आजी चौरंगाशिवाय चढतात, मुलांना उलटी होत नाही, स्टिअरिंग थरथरत नाही, आणि धरणाकाठच्या कच्च्या उतारावरून गाडी कुठेही न टेकता खाली जाते आणि परतही येते. “अहो, ही अशीच राहू द्या की,” असे पत्नी म्हणते. गृहस्थ या सूचनेची आदरपूर्वक नोंद घेतो, घरी आल्यावर गच्चीत जाऊन मिस्त्रीला फोन लावतो आणि पाटे पुन्हा वर चढवण्यासाठी रविवार मोकळा आहे का, ते विचारतो.