टॉर्कमामा

मामा कुणाचेच मामा नाहीत. मानवतला मोंढ्याकडं जाताना एक गॅरेज लागतं, गॅरेजबाहेर एक लाकडी खोकं पालथं पडलेलं असतं आणि त्या खोक्यावर सकाळी नऊपासून मामा असतात. त्यांनी हातात पाना धरलेला कुणी पाहिला नाही. पण 'गाडी ओढत नाही' एवढं कानावर पडलं, की मामा चहाची बशी खाली ठेवतात.

असा एकेक मामा जिंतूरला, सेलूला, गंगाखेडलाही सापडेल. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी किती पळते, हे कोण विचारतो? जाग्यावरून उठते का, ते सांगा. "स्पीड पुण्यावाल्यांना, टॉर्क आपल्याला," हे मामांचं ब्रीद. शंभरच्या स्प्लेंडरचा टॉर्क 8.05 न्यूटन-मीटर, तोही 6000 फेऱ्यांवर. साडेतीनशेच्या क्लासिकचा 27, नुसत्या 4000 वर, हे त्यांना तोंडपाठ. सातबाऱ्यावर स्वतःच्या नावे किती गुंठे आहेत, ते मात्र धाकट्या भावाला विचारावं लागतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-सिक्स आलं, नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला आणि मामांना नवं पीठ मिळालं. माझी इंजेक्शनची गाडी चढाला मरू लागली, तेव्हा मी त्या पीठापुढं उभा राहिलो.

"सर, घरी फुंकणी आहे का?" मामांनी विचारलं.

"होती. आता गॅस आहे."

"तिथंच घोळ झाला!" मामांनी वर्तमानपत्राची बारीक, लांब सुरळी केली आणि खोक्यावरच्या धुळीवर फुंकर मारली. धूळ सुईसारखी सरळ उडाली. मग सुरळी रुंद, आखूड करून फुंकलं. धूळ माझ्या सदऱ्यावर. "बघितलं? इंटेकची नळी लांब, बारीक असली की कमी फेऱ्यांतही हवा वेगात जाती. व्हॉल्व्ह मिटेस्तोवर आपल्याच रेट्यानं अजून थोडी आत घुसती. रुंद, आखूड नळीत तीच हवा रेंगाळती. ती नळी फेऱ्या चढल्यावर कामाची."

मी मान डोलावली. ही चूक होती. मामा चारचाकीत शिरले. "सिंगल पॉइंट इंजेक्शन म्हणजे पाटाचं पाणी. तोंडाशी एकदा सोडलं, पुढं कोणत्या सरीला किती मिळालं, देव जाणे. मल्टिपॉइंट म्हणजे ठिबक! हर सिलिंडरच्या बुडाशी वेगळा थेंब." खोटं काय होतं त्यात? उदाहरण तर कृषी विद्यापीठानं उचलावं असं होतं.

पुढं ते जर्मनीला पोचले. बॉशनं 1967 साली फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं, इथपर्यंत इतिहास बिनचूक. "उगंच म्हणत नाहीत, जगात जर्मनी, भारतात परभणी!" तासाभरानं निकाल लागला: माझ्या गाडीची इंटेकची नळी चार इंच लांबवावी लागेल.

तेवढ्यात आतला फिटर पोरगा आला. वय असेल अठरा. तोंडात सुपारी असल्यामुळं तो बोलला नाही. त्यानं सीट काढलं, एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि आतून मूठभर कापूस ओढून काढला. महिनाभर मी गाडी जिनिंगच्या आवारात लावत होतो, तिथला सगळा तंतू आत जाऊन बसला होता.

"घ्या सर," सुपारी गालात सरकवून तो म्हणाला, "श्रावणभराच्या वाती."

नवा फिल्टर बसला, गाडी उठली. मी मामांकडं पाहिलं. खोक्यावरचं आसन ढळलेलं नव्हतं.

"मी दुसरं काय सांगत होतो?" मामा म्हणाले. "हवेचाच प्रश्न होता."

तेव्हा तुमची गाडी ओढत नसेल, तर आधी फिल्टर उघडून बघा. पण हाताशी तास-दीड तास मोकळा असेल, तर आधी मामांकडं जा. फिल्टर काय, नंतरही उघडता येतो.