मोठं पातेलं

मुलाखतीआधी सगळ्या सीनियर मंडळींनी एकच सल्ला दिला होता : मोठ्यानं विचार कर. सॉफ्टवेअर कंपन्यांना म्हणे नुसतं उत्तर नको असतं, डोक्यात काय चाललंय ते ऐकायचं असतं. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागतं? आमच्या शिवाजी पेठेत मनातल्या मनात काही होतच नाही. 'एक गुपित सांगतो' म्हटलं की शेजारचा टीव्ही बंद होतो.

हो, 'सांगतो'च. मी मुलगी आहे. पण आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याच्या लोकांनी व्याकरण सांभाळावं, आम्ही रस्सा सांभाळतो.

त्या दिवशी नेमका बुधवार, म्हणजे मटणाचा वार. आणि आमच्या घरात वायफायची रेंज फक्त स्वयंपाकघराच्या दारात. समोर लॅपटॉप, पाठीमागं गॅसपाशी आजी.

पलीकडं हिंजवडीतल्या मॅडम. माझं इंग्रजी निघालं होतं थेट हिंजवडीला, पण कराडलाच पंक्चर झालं. मॅडम भल्या. म्हणाल्या, "मराठीत बोला. फक्त मोठ्यानं विचार करा."

प्रश्न बायनरी सर्चचा : चढत्या क्रमानं लावलेल्या यादीतून एक आकडा शोधायचा. मला चेव आला. "आता बघा मॅडम, मी मधला आकडा बघतो. आपला त्याच्यापेक्षा मोठा असला, की अलीकडचं अर्धं टाकून देतो. उरलेल्यातलं परत अर्धं टाकतो. दहा लाख आकडे असू देत, विसाव्या टप्प्याला खेळ खल्लास!"

"अर्धं कशापायी टाकतीस?" मागून आवाज. "खारट झालंय व्हय?"

म्यूटचं बटण सापडेपर्यंत पुढचंही गेलं : "आन् उरल्यालं परत अर्धं? अन्न हाय ते!"

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. मग विचारलं, "मधली जागा कशी काढलीत?"

"यादीची सुरुवात म्हणजे लो, शेवट म्हणजे हाय. लो अधिक हाय, भागिले दोन."

"यादी प्रचंड असली आणि ती बेरीजच मावली नाही तर?"

आली का पंचाईत! ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा बसतो. पुढं गेला की उणे होऊन बसतो. हे मला परीक्षेत येत होतं. मुलाखतीत येईना. जन्मात पहिल्यांदा मी बारीक आवाजात विचार करायला लागलो.

"मावत न्हाई तर मोठं पातेलं घ्यावं की!" आजी.

मॅडम पुढं वाकल्या. "म्हणजे लाँग, मोठ्या मापाचा पूर्णांक वापरायचा. बरोबर. आणि पातेलं तेवढंच ठेवून?"

"समदं एकदम वतायचंच कशाला? आदी हाय त्यात जरा जरा घालावं."

माझी ट्यूब पेटली. दोन्हींची बेरीज करायचीच नाही. दोन्हींतला फरक काढायचा आणि त्याचं निम्मं लोमध्ये घालायचं! मी ओरडलोच. गल्लीत कुणाचा तरी कुत्रा भुंकला.

रात्री वाचलं, हीच चूक खुद्द जावाच्या लायब्ररीत नऊएक वर्षं बसून होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ती स्वतःच जाहीर कबूल केली. आजीला सांगितलं.

"त्येच्या घरात कोन म्हातारं मानूस नव्हतं व्हय?" ती म्हणाली.

आठवड्यानं दुसऱ्या फेरीची मेल आली. मी नाचत स्वयंपाकघरात. आजीनं हात पदराला पुसले आणि विचारलं, "मला किती वाजता बसायचंय?"