करकचून ब्रेक

भरधाव गाडी क्षणात जागच्या जागी थांबली, की अमेरिकेत ती ‘डाइमवर थांबली’ असे तिचे कौतुक होते. डाइम म्हणजे दहा सेंटचे, तिथले आकाराने सर्वांत लहान नाणे. पण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर लागणारे अंतर चौपट होते. तेव्हा नाण्याएवढ्या जागेत थांबणाऱ्या गाडीचे ब्रेक तरी जबरदस्त असतात, नाहीतर ती मुळात हललेलीच नसते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची गाडी यांपैकी कोणती, याचा पुरावा मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात मिळतो. सप्टेंबर 2017 मध्ये संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने 91व्या संमेलनासाठी हे गाव निवडले. विवेकानंद आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराज यांच्या कार्यावरून अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने आक्षेप घेतला, आणि काही दिवसांतच ‘वाद नको’ म्हणून आश्रमाने यजमानपद सोडले. फेब्रुवारी 2018 मध्ये संमेलन भरले ते बडोद्याला. विवेकानंद जयंतीला लाखोंच्या पंगतींना ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढणाऱ्या गावाला साहित्यिकांची भूक भारी नव्हती. साहित्यिकांनाच एक वाद पचला नाही.

कोणी म्हणेल, यजमानांनी समजूतदारपणा दाखवला. दाखवलाच, पण वाद टाळायचा तर साहित्य संमेलन तरी कशाला हवे, सत्यनारायण पुरेसा आहे. मग आक्षेप घेणारे चुकले का? मुळीच नाही. प्रश्न विचारणे हे त्यांचे कामच. मात्र महामंडळाची स्थळ निवड समिती असते, ती गाडी निघण्यापूर्वी रस्ता पाहण्यासाठीच. तिने आधी विचारायचे, नाहीतर भर मांडवात परिसंवाद ठेवायचा: श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते? दोन्ही बाजूंना व्यासपीठ मिळाले असते, आणि ‘समारोपाचे ठराव’ सोडून श्रोत्यांना ऐकण्याजोगे काहीतरी लाभले असते. मुक्काम बदलला, प्रश्न तसाच राहिला. ही एकदाच झालेली चूक म्हणावी, तर पुढच्याच वर्षी यवतमाळच्या संमेलनात उद्घाटक नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. तिथे आक्षेप वेगळा होता, आक्षेप घेणारे वेगळे होते. ब्रेकवरचा पाय मात्र तितकाच तत्पर. म्हणजे कोणत्याही बाजूने हात दाखवा, गाडी थांबते. एसटीला हे जमले असते तर प्रवासी दुवा देत. संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक महामंडळाने बंद केलीच आहे. आता निदान ब्रेक कोणाच्या पायाखाली असावा, एवढे तरी मतदानाने ठरू द्या.